पाहिली एक मोटर, आली दुसरी

लाकूड कातायचा जुना लेथ (लाकूड गरगर फिरवून त्याला पटाशीने आकार द्यायचं मशीन) घ्यायला जाणारा माणूस बेअरिंग बघतो, पट्टा बघतो, रंगाखाली वेल्डिंग किंवा लांबी, म्हणजे पुट्टी, दडवली आहे का ते बघतो. मीही हे सगळं बघितलं होतं आणि मशीन खरंच चांगलं होतं. डाव साधला गेला तो पैसे दिल्यानंतर आणि मशीन टेंपोत चढायच्या आधी. याबद्दल कुणी फारसं सांगत नाही, म्हणून लिहितोय.

लाटणी, रव्या, देव्हाऱ्याचे कळस, पाळण्याचे खांब अशी कामं मी साताऱ्यात घरामागच्या शेडमध्ये करतो. आधीचा लेथ खांबांना तोकडा पडायला लागला होता आणि ओतीव बेडचं, म्हणजे ओतीव लोखंडी पायाचं, नवं मशीन खिशाला झेपत नव्हतं. तेवढ्यात पुण्याजवळची जाहिरात दिसली. चार फुटी बेड, एक एचपी सिंगल फेज मोटर, लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक, लाकडाच्या दुसऱ्या टोकाला टेकणारा फिरता सेंटर, सगळं मिळून 38 हजार. वडिलांचं मशीन आहे, ते गेले, गाळा रिकामा करायचाय, अर्जंट. जाहिरातीतले वडील नेहमी गेलेलेच का असतात, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

विकणारा तिशीतला, बोलायला अदबशीर. “काका, आधी चहा घ्या, मशीन काय पळून जातंय?” चहा झाल्यावर मी स्पिंडल, म्हणजे मोटरीने फिरणारा दांडा, हाताने फिरवून पाहिला, धरून वर-खाली हलवला. ढिलाई नव्हती. टेलस्टॉक, म्हणजे दुसऱ्या टोकाचा सरकता आधार, पुढे सरकवून दोन्ही सेंटर समोरासमोर आणले, टोकाला टोक बरोबर भिडलं. बरोबर नेलेला बाभळीचा ठोकळा चढवला आणि गोल पटाशीने चांगला दाबून कातला, मोटर जराही दमली नाही. भाच्याने याचा व्हिडिओ काढला, तो त्याच्या स्टेटसला ठेवायला. घासाघीस करून 32 हजारांवर सौदा ठरला.

आणि मग आलं फुकटचं भाडं. “काका, आज रविवार, हमाल मिळायचे नाहीत. पैसे आत्ता टाकले तर उद्या माझ्या ओळखीच्या टेंपोने घरपोच करतो. भाडं माझ्याकडे लागलं.” पुण्याहून साताऱ्यापर्यंतचं भाडं वाचतंय म्हटल्यावर कोण नको म्हणेल? पैसे तिथेच यूपीआयने गेले.

मशीन आलं ते गोणपाटात गुंडाळलेलं, दोरीने करकचून बांधलेलं. टेंपोवाल्याला परतीचा माल गाठायचा होता, तो थांबला नाही. सोडून पाहिलं तर बेड तोच, हेडस्टॉक (स्पिंडल बसवलेलं डोकं) तोच, रंग तोच. बटण दाबल्यावर मोटर फिरलीही. पण लाकडाला पटाशी टेकवली की गुरगुरून थांबायची आणि थोड्याच वेळात इतकी तापायची की हात ठेववेना. चकमध्ये ठोकळा कितीही आवळला तरी डगडगायचा. फिरत्या सेंटरच्या जागी न फिरणारा साधा सेंटर होता, लाकूड जाळून काळं करणारा.

मोटरीत तार गुंडाळून देणाऱ्या वाइंडिंगवाल्याकडे मोटर उघडली. वर पट्टी एक एचपीची, पण तिचे रिव्हेट नवे कोरे. आतला ऐवज अर्ध्या एचपीचा आणि तार अॅल्युमिनियमची. या तारेवरचं लॅकर तांबूस असतं, त्यामुळे नुसत्या नजरेला ती तांब्याचीच वाटते. ब्लेडने खरवडली की पांढरी निघते. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण 60 टक्के, त्यामुळे तेवढ्याच जाडीची तार जास्त तापते. अॅल्युमिनियमचं वाइंडिंग असणं हा काही गुन्हा नाही, कितीतरी स्वस्त मोटरी तशाच येतात. एक दाखवून दुसरं देणं हा गुन्हा.

फोन केला तर म्हणाला, “काका, तुम्ही स्वतः चालवून बघितलंत ना?” त्यानंतर नंबर ब्लॉक.

मग भाच्याचा व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. त्यातल्या मोटरच्या पंख्याच्या झाकणावर पोचा होता, माझ्याकडे आलेल्या मोटरवर नव्हता. पुढे काही दिवसांनी वेगळ्या नावाने वेगळ्याच लेथची जाहिरात आली. या वेळी कारण बहिणीचं लग्न. मशीनला लावलेली मोटर मात्र तीच, पोचा त्याच जागी. चांगली मोटर, चांगला चक आणि फिरता सेंटर हा त्याचा दाखवायचा संच आहे. गिऱ्हाईक गेलं की तो उतरतो आणि पुढच्या मशीनवर चढतो.

पोलीस ठाण्यात आधी “हे दिवाणी प्रकरण आहे” असं सांगून वाटेला लावत होते. व्हिडिओ आणि नवी जाहिरात शेजारी शेजारी ठेवून दाखवली तेव्हा अर्ज घेतला. आता यासाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, म्हणजे पूर्वीचं 420. अर्ज अजून चौकशीतच आहे. ज्यांनी माणूसही न बघता ऑनलाइन पैसे पाठवलेत त्यांनी मात्र ठाण्याची वाट न धरता आधी 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आत अडवता येतात.

मशीन बघायला जाल तेव्हाच टेंपो ठरवून जा. तो नसेल तर हजार-दोन हजार विसार द्या, बाकीचे पैसे डोळ्यांदेखत माल चढल्यावर. तेही जमत नसेल तर सुटी होणारी प्रत्येक वस्तू बरोबर घेऊन या. चक आणि सेंटर पिशवीत मावतात, मोटर चार बोल्टवर असते आणि गाडीच्या डिकीत बसते. पैसे घेतल्यावर विकणारा या गोष्टी द्यायला का-कू करायला लागला तर तिथेच थांबा. मागे जे राहणार असेल त्यावर पंचने आडोशाला खूण करा, नेमप्लेटचा आणि तिच्या रिव्हेटचा जवळून फोटो घ्या, नेमप्लेटवरचा नंबर साध्या कागदावर लिहून दोघांच्या सह्या करा.

सध्या जाहिरातीत असलेलं मशीन हिरवं आहे, किंमत 35 हजार. मोटर करडी, पंख्याच्या झाकणावर खालच्या बाजूला अंगठ्याएवढा पोचा.