एहाइम क्लासिक ६०० : गाण्याच्या खोलीत चालेल असा फिल्टर

माशांचा नाद ह्यांना आणि आवाजाचा त्रास मला, त्यामुळे फिल्टर निवडायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. काठोकाठ भरली तर ३४० लिटर, रेती-दगड वजा जाता तीनशेच्या आसपास. आत एंजल मासे. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये एवढी टाकी हॉलमध्येच मावते, आणि संध्याकाळी माझा गाण्याचा क्लासही तिथेच भरतो.

आधी टॉप फिल्टर होता, म्हणजे टाकीच्या वर बसणारा, जोडीला हवा सोडणारा एअर पंप. टॉप फिल्टरचं पाणी पडतं त्याची सवय होते. एअर पंपाची घूं मात्र पिच्छा सोडत नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असल्या पंपांची घरघर ५० आणि तिच्या पटींत, मुख्यतः १०० हर्ट्झला ऐकू येते. माझा सा काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. तानपुऱ्याची खर्जाची तार लागते साधारण १०४ हर्ट्झला. म्हणजे पंप माझ्या खर्जापेक्षा जेमतेम चार हर्ट्झने उतरलेला, आणि दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला चारदा चढतो-उतरतो, म्हणजे चार हेलकावे. नव्या मुलींना वाटायचं तानपुराच बेसूर लागलाय. पांढरी पाचवाल्यांनी हसू नये; त्यांचा खर्ज ९८, त्यांना सेकंदाला दोन हेलकावे.

मग कॅनिस्टर घ्यायचं ठरलं. टाकीखालच्या कपाटात बसणारा बंद डबा, त्यात पाणी नळीने उतरतं, गाळून वर जातं. दिरांकडचा एक स्वस्तातला कॅनिस्टर काही दिवस आणून लावला. ताशी २००० लिटर, ५५ वॉट. पाणी झकास फिरलं, पण कपाटाची फळी थरथरायची आणि एंजल कोपऱ्यात दबा धरून बसायचे. त्यांना एवढा झोत मानवत नाही. परत देऊन टाकला.

दुकानात प्रत्येक जण एकच विचारतो, 'ताई, किती लिटरची टाकी?' आणि मग डब्यावरचा ताशी लिटरचा मोठ्यात मोठा आकडा दाखवतो. तो आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो. आत स्पंज आणि सिरॅमिक रिंगा भरल्या, त्यावर गाळ बसला, वर पाणी चार फूट चढवायचं असलं की प्रवाह बराच उतरतो. त्यात फिल्टरचं खरं काम प्रवाहाचं नसतंच. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना चिकटून राहायला जागा आणि ऑक्सिजन असलेलं पाणी लागतं. मोठा डबा आणि संथ मोटर असेल तर हे काम उत्तम होतं, आणि संथ मोटर आवाजही कमी करते. एहाइम क्लासिक ६००, जुनं नाव २२१७, या हिशेबात चपखल बसतो: ताशी १००० लिटर, २० वॉट.

गंगापूर रोडच्या बाजूच्या ज्या दुकानातून घेतला तिथे मी एक हट्ट धरला. दुकानात वीस टाक्या बुडबुडत असताना फिल्टरचा आवाज कळणार कसा? म्हणून मागच्या गोदामात बादलीत पाणी घेऊन तो चालू करायला लावला, मधलं दार लोटून घेतलं. सुरुवातीला आत खडे हलवल्यासारखा खडखडाट झाला. ती आत अडकलेली हवा. दुकानातल्या मुलाने डबा दोन्ही हातांनी धरून डावीकडे-उजवीकडे झुकवला, नळीतून बुडबुड्यांचा एक लोट बाहेर आला आणि खडखडाट थांबला. मग मी मोटरच्या टोपीवर तळहात ठेवला. घूं याही मोटरला आहे, वीज तीच ना. पण ती हाताला कळते, वीतभर अंतरावर कानाला नाही. फोनवर तानपुरा लावला, काळी चार. हेलकावा नाही. दुकानदार म्हणाले, 'ताई, मासे पाळताय की रियाज करताय?' दोन्ही, म्हटलं.

घरी आल्यावरही आवाज आला, पण तो फिल्टरचा नव्हता. नळी कपाटाच्या लाकडाला टेकली होती, तिथून फळी वाजत होती. भोक मोठं करून घेतलं, डब्याखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा दुमडून ठेवला, मिटलं. पाणी परत सोडणारी भोकांची नळी पृष्ठभागाच्या किंचित खाली आणि तिरकी ठेवली. वर ठेवली तर धबधबा ऐकू येतो; फार खाली गेली तर पाण्यावर तरंग उठत नाहीत आणि ऑक्सिजन कमी पडतो. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात पाणी तापलं की हे जास्तच जपावं लागतं, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो.

या मॉडेलला पाणी ओढून घेणारं बटण नाही. पहिल्यांदा चालू करताना नळीला तोंड लावून पाणी खेचायचं. ते काम ह्यांचं. तोंडात टाकीचं पाणी गेलं की चेहरा बघण्यासारखा होतो. नळ्यांना दुहेरी कॉक, म्हणजे पाणी बंद करून नळी सोडवता येणारे जोड, मात्र जरूर लावून घ्या, म्हणजे दर वेळी साफसफाईला हा प्रकार करावा लागत नाही. साफसफाई दोन-तीन महिन्यांनी. रिंगा आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात खळबळायचे. थेट नळाखाली धरले तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि पुढचे काही दिवस अमोनिया चढतो.

बिलाचं विचाराल तर २० वॉट चोवीस तास म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिट. ५५ वॉटचा तो राक्षस चाळीसच्या घरात गेला असता. किंमत चायनीज कॅनिस्टरच्या कित्येक पट आहे, हे खरंच. ह्यांनी आठवडाभर कुरकुर केली.

वीज गेली तर कुठलाही कॅनिस्टर हा बंद डबाच. आतल्या पाण्यातला ऑक्सिजन जिवाणू संपवून टाकतात. तास-दोन तासांचं काही नाही. पण पावसाळ्यात दुपारी गेलेली वीज मध्यरात्री आली, तर चालू करायच्या आधी डबा उघडून शिळं पाणी ओतून द्या आणि वास घेऊन बघा. आमच्याकडे एक छोटा स्पंज फिल्टर बॅटरीच्या एअर पंपावर तयार असतो. त्याची घूं तेव्हा चालते, कारण वीज नसताना क्लासही नसतो.

सहा फुटी टाकीत ऑस्कर किंवा अरोवानासारखे मोठे मासे असतील तर हा एक पुरणार नाही. दोन लावा, एक धुताना दुसऱ्यातले जिवाणू शाबूत राहतात. आणि झाकणाची रबरी रिंग, इम्पेलर (पाणी ढकलणारं पातं) आणि तो ज्यावर फिरतो तो सिरॅमिकचा दांडा फिल्टरसोबतच मागवून ठेवा. दांडा काचेसारखा तुटतो आणि ऐन रविवारी कुठल्याच दुकानात मिळत नाही.