किटोकोनॅझोल शाम्पू : सात महिने वापरल्यावर

काळा कुर्ता घालणं मी जवळजवळ सोडलंच होतं. आपले आशियाई केस काळे, काडीला जाड, त्यात माझे सरळ आणि लांब. कोंड्याचा एक कण पडला तरी समोरच्याला दिसतो. साधे कोंड्याचे शाम्पू वर्षानुवर्षं आलटूनपालटून झाले. मग भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही पापुद्रे निघायला लागले, तेव्हा त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आधी कोपर-गुडघे तपासले, कारण सोरायसिस हा त्वचारोग तिथे हमखास दिसतो आणि त्याचे खवले डोक्यातही होतात. माझे पिवळट, चिकट होते. निदान सेबोऱ्हिक डर्मटायटिस, म्हणजे त्वचेच्या तेलकट भागांत होणारा दाह. औषध 2 टक्के किटोकोनॅझोल, म्हणजे बुरशीविरोधी औषध असलेला शाम्पू, पहिले चार आठवडे आठवड्यातून दोनदा.

पहिले पंधरा दिवस काडीचा फरक नाही. चूक माझीच. फेस केला की अर्ध्या मिनिटात धुऊन मोकळी! हे औषध आहे, ते त्वचेवर पाच मिनिटं राहायला हवं. मग फोनवर गजर लावला, भांग पाडत पाडत बोटांच्या टोकांनी ते मुळाशी पोचवलं. जाड केसांत फेस वरच्यावरच तरंगतो, हे तेव्हा लक्षात आलं. तसं केल्यावर आठवड्याभरात खाज थांबली. कानामागचा जुना थर जायला मात्र दीड महिना लागला.

तक्रार एकच, पण मोठी : केस वाखासारखे होतात. आता शाम्पू फक्त मुळांशी आणि खाली कंडिशनर.

तेलावरून घरात वाद झाला. मावशी म्हणाली, "तेल लावत नाहीस, डोकं कोरडं पडलंय, म्हणून कोंडा." मलाही तसंच वाटायचं. पण मॅलॅसेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि ती जगते स्निग्ध पदार्थांवर. त्वचेतलं तेल ती फोडते, त्यातून उरणारं ओलेइक आम्ल काहींच्या त्वचेला झोंबतं, आणि पापुद्रे सुटतात. म्हणजे रात्रभर डोकं तेलात भिजवून मी तिला पंगत वाढत होते. खोबरेल केसाच्या काडीला मात्र खरंच चांगलं. आत शिरून प्रथिनं कमी झिजू देतं. त्यामुळे मावशीचं अर्धं बरोबर. आता तेल कानाच्या खाली, न्हाण्याआधी तासभर.

तिसऱ्या महिन्यात फणीत पुंजकेच्या पुंजके यायला लागले. जाडी असली तरी आशियाई डोक्यावर केसांची संख्या युरोपीय लोकांपेक्षा कमीच असते; माझा भांग लगेच रुंद दिसायला लागला. बाटली फेकणारच होते. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधी आला होता? अडीच महिन्यांपूर्वी, चांगला आठवडाभर. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस गळतात, शाम्पूचा संबंध नाही. गळती आपोआप थांबली. आता भांगाशी बोटभर नवे केस ताठ उभे असतात, कितीही चापून बसवा. केस उगवतील म्हणून कुणी हा शाम्पू घेणार असेल तर घेऊ नका, ते याचं काम नाही.

पाचव्या महिन्यात "बरं झालं" म्हणून मी तो बंद केला. तीन आठवड्यांत खांद्यावर पुन्हा पांढरं. बुरशी कायमची जात नाही, दबून राहते. सध्या पंधरा दिवसांतून एकदा वापरते. आज दहावा दिवस, डाव्या भुवईत किंचित चुरचुरतंय. बहुतेक मी रविवारपर्यंत थांबणार नाही.