घरचं शिंगरू की रेसमधून निवृत्त घोडा?

मुरबाडला जागा असलेला मित्र विचारतोय: जंपिंगचे (अडथळ्यांवरून उड्या मारणारे) घोडे तयार करून विकायचेत, तर घोडी फळवून शिंगरू वाढवू की महालक्ष्मी रेसकोर्सचा निवृत्त थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) घेऊ?

शिंगराला पोटात ११ महिने, मग खोगीर तीन-चार वर्षांनी, तेही बेतानं. तोवर चारा, नालबंद, डॉक्टर सगळं खिशातून. थरोब्रेडला स्वाराची सवय असते; पण पळणंच शिकवलेलं, सावकाश चालणं नव्यानं शिकवा.

खरी गोम पायात. पुढच्या पायाच्या नळीच्या हाडामागची शीर (टेंडन) बोटांनी दाबा. गरम, फुगीर लागली तर सौदा सोडा, किंमत कितीही पडो. शिंगराचे पाय कोरे. पावसाळ्यात चिखलात ठेवलं तर खूर मात्र दोघांचेही सडतात.

पाच वर्षं थांबायची ऐपत असेल तर शिंगरू. पैसा लवकर फिरवायचाय आणि कसलेला स्वार हाताशी आहे, तर निवृत्त घोडा.