कोलकाता दर्शनवाल्या गाडीला दीड स्टार, नदीवरच्या लाँचला साडेचार

आधीच सांगतो, हे दीड स्टार गाडीला आहेत, कोलकात्याला नाहीत, शहर मस्तच आहे. जानेवारीत मी, बायको आणि आई असे तिघं नागपूरहून गेलो, गीतांजलीत संध्याकाळी बसलो की दुसऱ्या दिवशी दुपारी हावडा, तीन रात्रीचा मुक्काम आणि बुधवारी रात्री परत. तीनच दिवस हातात, आईचे गुडघे दुखतात, त्यामुळं म्हटलं पहिल्या दिवशी फुल डे सिटी टूर घेऊन टाकू, एसी गाडी, आठ पॉइंट, घरून निघायच्या आधीच ऑनलाइन पैसे भरून मोकळे. अडतीसशे रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नंतर समजलं की हे पॅकेज कमीजास्त असंच दहा जण विकून राहिले.

टूर सोमवारी होती. आता ज्यांना माहीत आहे ते इथंच हसले असतील. सोमवारी व्हिक्टोरिया मेमोरियलचं म्युझियम बंद असतं आणि इंडियन म्युझियम पण बंद. बुकिंग घेताना तारीख मीच टाकली होती, त्या माणसानं फोन करून "सर पिकअप कुठून" हे विचारलं, पण सोमवार आहे हे काही सांगितलं नाही. माझी पण चूक आहेच, गुगल करायला पाहिजे होतं, पण मग पैसे कशाचे देतो आपण?

नऊची गाडी सव्वादहाला आली. आधी कालीघाट, तिथं ड्रायव्हरच्या ओळखीचा पंडा तयारच उभा होता, पाच मिनिटांत दर्शन म्हणाला आणि दक्षिणेचं असं काही बोलला की आईनंच हात जोडून "आम्ही लाइनीतून जातो दादा" म्हटलं. लाइनीत पाऊण तास गेला, ठीक आहे, देवाचं काम आहे. मग व्हिक्टोरिया, गेटच्या बाहेर वीस मिनिटं, "फोटो ले लीजिए, आज अंदर बंद है". आम्ही बिचारे जाळीतून फोटो काढत बसलो. दुसऱ्या दिवशी कळलं की म्युझियम बंद असलं तरी बगीचा सोमवारी पण उघडा असतो, तिकीट काढून आत जाता येतं. ड्रायव्हरला गाडी लावायला जागा नव्हती इतकंच. मग इंडियन म्युझियम चालत्या गाडीतून. "ये म्युझियम है." हो बाप्पा, दिसलं.

यापर्यंत पण मी काही बोललो नसतो. खरा राग बेलूरचा आहे. आमची आई तीस वर्षं धंतोलीच्या रामकृष्ण मठात जाते, तिथल्या पुस्तकांनी घरातलं एक अख्खं कपाट भरलेलं आहे, आणि ह्या ट्रिपमध्ये तिनं मागितलेली एकच गोष्ट म्हणजे बेलूर मठ, रामकृष्ण मठाचं मुख्यालय. पॅकेजमध्ये ते होतं म्हणूनच पॅकेज घेतलं. बेलूर सकाळी साडेअकराला बंद होतो आणि दुपारी उशिरा, साडेतीन-चारला उघडतो. आम्हाला नेलं एक वाजता. गेट बंद. ड्रायव्हर म्हणे दक्षिणेश्वर करून घेऊ, तर ते पण दुपारी साधारण साडेबारा ते तीन बंद असतं, हे त्याला माहीत नसेल असं होऊच शकत नाही, तो रोज हेच करतो. मग आम्ही गाडीत बसून पेरू खाल्ले. आणि मग, साहजिकच, "तब तक एक अच्छा एम्पोरियम दिखाता हूं". साड्यांच्या दुकानात दीड तास. बायकोनं एक तांत घेतली, चांगली आहे, तो भाग मी तक्रारीत धरत नाही. बाहेर आलो तर म्हणे अब बेलूर जाएंगे तो जाम में फंसेंगे, सात बजे गाडी छोड़नी है. हावडा ब्रिज दाखवला, म्हणजे त्यावरून गेलो, पुलावर गाडी थांबवता येत नाही.

हॉटेलात परत आल्यावर आई म्हणाली, "हे तर महालातून सीताबर्डीले जाऊन वापस आल्यासारखं झालं." (दोन्ही नागपुरातलेच भाग.) बाकी काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दीड स्टारचा हिशोब: एक साडीचा, अर्धा ड्रायव्हरनं शिव्या न देता गाडी चालवली त्याचा.

आता दुसरा भाग. हॉटेलच्या काउंटरवर एक म्हातारे काका बसायचे, मफलर कानाला गुंडाळून, त्यांना रात्री हे सगळं सांगितलं तर ते जरा वेळ हसले आणि मग त्यांनी रजिस्टरच्या मागच्या पानावर पेननं हुगळी नदी काढली. नदी उभी, डावीकडं हावडा आणि बेलूर, उजवीकडं कोलकाता आणि वर दक्षिणेश्वर. म्हणाले गाडीवाले तुम्हाला रस्त्यानं गोल फिरवतात, हे गाव नदीच्या काठानं पसरलंय, नदीनं फिरा आणि जमिनीखालून फिरा. मग विचारलं कुठून आले, नागपूर म्हटलं, तर पेन खाली ठेवून म्हणतात, "अरे बाबा, बोर्गी!"

मला आधी समजलंच नाही. बोर्गी म्हणजे बारगीर, आपल्या रघुजी भोसल्यांची फौज. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर दरवर्षी व्हायच्या, भोसल्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर, त्यांना बंगालच्या नवाबानं, अलीवर्दी खानानं, १७४४ मध्ये भेटीला बोलावून मारलं ते ह्याच भानगडीत. आपण शाळेत ते पराक्रम म्हणून वाचलं, आणि तिकडं आया अजून लेकरांना झोपवताना बोर्गी आले म्हणून भीती दाखवतात. इंग्रजांनी तर ह्या भीतीनं १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला, मराठा डिच, तो अर्धवटच राहिला आणि मराठे काही कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढं खंदक बुजवून त्याचा सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आजही आहे. काकांनी हे सगळं हसत हसत सांगितलं आणि वर चहा पाजला, आपल्याला मात्र उगाच कानकोंडं झाल्यासारखं वाटलं.

तर मंगळवारी काकांच्या नकाशानं. सकाळी सातला चांदनी चौकातून मेट्रोची ब्लू लाइन, ही देशातली सगळ्यात पहिली मेट्रो, १९८४ ची, जुन्या स्टेशनांवर ते वय दिसतं, सगळ्या गेटांना एस्कलेटर नाही त्यामुळं गुडघेवाल्यांनी कोणत्या गेटनं उतरायचं ते विचारूनच घ्यावं. शेवटचं स्टेशन दक्षिणेश्वर. स्टेशनमधून थेट स्कायवॉक मंदिरापर्यंत जातो, म्हणजे रस्ता ओलांडायची कटकटच नाही, आई एकदाही थांबली नाही. चपला, मोबाइल, बॅग बाहेर जमा करावी लागते, त्याचा वेळ धरून चला. राणी रासमणीनं १८५५ साली बांधलेलं मंदिर, नऊ शिखरं, नदीकडं बारा शिवमंदिरांची ओळ, आणि कोपऱ्यात रामकृष्णांची खोली. आई त्या खोलीत बसली ती उठेचना. साडेनऊला मीच जाऊन खांद्याला हात लावला, बेलूर गाठायचं होतं ना.

दक्षिणेश्वरच्या घाटावरून बेलूरला बोट जाते. भाडं अगदी किरकोळ, आदल्या दिवशी एम्पोरियमच्या बाहेर पार्किंगलाच त्याहून जास्त गेले होते. लाकडी बाकडी, मधे मोटार धडधडते, गार वारं, आईनं शाल डोक्यावरून घेतली आणि हात पाण्याकडं करून नमस्कार केला, तिच्यासाठी ती गंगाच. पाऊणेक तासात, थांबायचा वेळ धरून, बेलूरच्या घाटाला लागलो आणि दहा-सव्वादहाला आत. मंदिराची इमारत एका बाजूनं देऊळ वाटते, एका बाजूनं चर्च, मधेच मशीद. आत फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे. सव्वा तास मिळाला. जे अडतीसशेत नाही झालं ते तिघांचे मिळून शंभरच्या आत झालं.

परत येताना टोटो (ई-रिक्षाला तिकडं टोटो म्हणतात) आणि बसनं हावडा, आणि तिथून मेट्रोची ग्रीन लाइन, जी नदीच्या खालून जाते. हा नदीखालचा भाग २०२४ ला सुरू झाला. हावडा स्टेशन इतकं खोल आहे की एस्कलेटर संपतच नाही. नदीखालचा तुकडा पाऊण मिनिटाचा, बोगद्याच्या भिंतीवर निळे दिवे लावलेत म्हणजे तुम्हाला समजावं की आता वर पाणी आहे. डब्यातली सगळी लहान पोरं काचेला नाक लावून, आणि माझी बायको पण. दुपारी व्हिक्टोरिया, ह्यावेळी आतून, आणि बागेत दोन तास. संध्याकाळी काठी रोल, आईला कचोरी आणि आलू दम. शाकाहारी लोकांसाठी एकच शब्द, निरामिष, तो पाठ करून जा.

बुधवारी सामान सकाळीच हावड्याच्या क्लोकरूममध्ये टाकलं, हा पण काकांचाच सल्ला, सगळ्यात कामाचा. मग म्युझियम, सगळे त्याला जादुघर म्हणतात, १८१४ चं, देशातलं सगळ्यात जुनं, भरहुतचे कठडे बघाच, ममीच्या लाइनीत वेळ गेला नाही तर. दुपारनंतर शोभाबाजारला उतरून कुमारटुली, मूर्तिकारांची वस्ती. आपली नागपूरची चितार ओळ माहीत आहे ना महालातली, तीच समजा पण गल्लीला गल्ली लागून. सरस्वती पूजा जवळ आली होती, शंभर सरस्वत्या रांगेत उभ्या, अजून चेहरे नाहीत, गवताच्या अंगावर ओली माती. एक पोरगा मोबाइलवर क्रिकेट ऐकत ऐकत बांबूच्या पट्टीनं हंसाची मान गुळगुळीत करून राहिला होता, आई म्हणाली चितार ओळीत पण पोरं अशीच मॅच ऐकतात.

तिथून चालत घाटावर, आणि लाँचनं थेट हावडा. गाडीच्या टपाखालून जो पूल दिसला नव्हता तो इथं डोक्यावरून जातो. १९४३ चा, नटबोल्ट एक पण नाही, सगळे रिव्हेट. पानाच्या पिचकाऱ्यांनी खांबांच्या बुडाचं पोलाद झिजलं म्हणून फायबरची आवरणं घालावी लागली, हे वाचून सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्या नागपूरकराला जरा आपलेपणा वाटला, मी खात नाही. पुलाच्या पलीकडं उतरलं की समोर स्टेशन, सामान घेतलं आणि मेल पकडली.

अर्धा स्टार कशाचा कापला तर लाँचच्या जेटीचा. ओहोटी असली की फळी उतरती आणि घसरडी होते, धरायला नीट कठडा नाही, आईला दोन बाजूंनी दोन जणांनी धरून उतरवावं लागलं, अनोळखी लोकांनी, न सांगता. आणि सुट्टे पैसे ठेवा, खिडकीवरचा माणूस पाचशेची नोट बघून तोंड फिरवतो.

खडगपूरच्या आसपास टूरवाल्याचा मेसेज आला, "हाऊ वॉज युअर एक्स्पीरियन्स, प्लीज रेट अस फाइव्ह स्टार". मी सगळं लिहून पाठवलं, बेलूर, साडेअकरा, पेरू, सगळं. पाच मिनिटांत उत्तर आलं: "सर, मंडे था ना."