घराच्या कागदपत्रांसाठी वकील कोणाचा: बँकेचा, बिल्डरचा की स्वतःचा?

महाराष्ट्रात सदनिका विकत घेताना कागद पाहणारा कोणी ना कोणी वकील व्यवहारात असतोच. कर्ज काढले तर बँक आपल्या पॅनेलवरचा वकील नेमते. नव्या प्रकल्पात बिल्डरच्या वकिलाने दिलेला मालकी हक्काचा दाखला आधीच तयार असतो. पुनर्विक्रीच्या घरात एजंट "आमचे नेहमीचे वकील आहेत, ते सगळे बघतात" असे सांगून मोकळा होतो. मग आणखी एका वकिलाची फी कशासाठी भरायची, हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधताना मी फी आणि अनुभव यांच्या आधी एक गोष्ट पाहते: शोध अहवालाच्या (नोंदणी कार्यालयातले जुने दस्त तपासून वकील देतो त्या अहवालाच्या) वर 'प्रति' या शब्दापुढे कोणाचे नाव लिहिलेले आहे.

बँकेच्या वकिलाच्या अहवालावर ते नाव बँकेचे असते. त्याची फी बहुतेक वेळा कर्जदाराकडूनच वसूल होते, तरी त्याचा अशील बँकच असते आणि अहवालाची प्रत मागूनही मिळेलच असे नाही. तो काम मन लावून करत नाही असे मी मुळीच म्हणणार नाही. तीस वर्षांचा शोध, आधीच्या करारनाम्यांची साखळी, मालमत्तेवर दुसऱ्या वित्तसंस्थेचा बोजा आहे का याची तपासणी, ही कामे तो करतो आणि बनावट कागदांचे अनेक व्यवहार त्याच टप्प्यावर अडतात. परंतु त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो: कर्ज थकले तर या सदनिकेतून वसुली होईल का? खरेदीदाराचा प्रश्न असा की, या घरात मी निर्वेधपणे राहू शकेन का आणि उद्या ते विकू शकेन का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा जुळतात, पण जिथे जुळत नाहीत तिथे नुकसान खरेदीदाराचेच होते. 75 लाखांवरच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच रक्कम देते, उरलेला पैसा आपल्या गाठीचा असतो. शिवाय घर वादात सापडले तरी बँकेला कर्जदाराचा पगार उरतो, कर्जदाराला मात्र फक्त हप्ते उरतात.

बँकेचा वकील व्यवहारात उशिरा येतो, हा दुसरा आणि माझ्या मते मोठा फरक आहे. तो कागद हातात घेतो तेव्हा इसार, म्हणजे व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम, दिलेला असतो आणि इसार पावतीवर सह्या झालेल्या असतात. मालकी हक्कात दोष निघाला तर इसार परत मिळेल, किती दिवसांत मिळेल, याबद्दल त्या पावतीत एक शब्दही नसतो, कारण ती एजंटच्या छापील नमुन्यावर लिहिलेली असते.

माझ्या धाकट्या भावाने ठाण्यात पुनर्विक्रीची सदनिका घेतली, तेव्हा बँकेचे मंजुरीपत्र हातात आले होते आणि करारनाम्याची तारीखही ठरली होती. केवळ वडिलांच्या आग्रहाखातर आम्ही एका मालमत्ताविषयक वकीलबाईंना कागद दाखवले. त्यांनी करारनामे बाजूला ठेवून आधी सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट उलटे केले. मागच्या बाजूला हस्तांतरणांचा तक्ता असतो, त्यातल्या दुसऱ्या नोंदीवर त्यांचे बोट थांबले. मूळ मालकाच्या निधनानंतर सर्टिफिकेट पत्नीच्या नावे झाले होते आणि त्या पत्नीने सदनिका सध्याच्या विक्रेत्याला विकली होती. "या नॉमिनी म्हणून आल्या आहेत. यांना मुले किती?" एवढेच त्यांनी विचारले. चौकशी केली तेव्हा दोन विवाहित मुली असल्याचे कळले. दोघींपैकी एकीचीही सही कोणत्याच दस्तावर नव्हती. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सोसायटीने कोणाशी व्यवहार ठेवावा, एवढ्यापुरतेच ते नाव असते आणि मालकी वारसांकडे जाते. त्या मुलींनी व्यवहार मान्य असल्याचा दस्त करून तो नोंदवून दिला, पण त्यात सात आठवडे गेले. भावाच्या मुलांच्या शाळेचे वर्ष सुरू होऊन गेले होते आणि घरात सगळे वैतागले होते. तरीही त्या सात आठवड्यांबद्दल मला आज समाधानच वाटते. बँकेच्या अहवालात मालकीची साखळी पूर्ण असल्याचे लिहिले होते आणि करारनाम्यांपुरते ते खरेही होते.

नव्या प्रकल्पात चित्र बरेच वेगळे आहे. रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायदा आल्यापासून प्रकल्पाच्या जमिनीचा मालकी हक्क अहवाल, बोजांची माहिती आणि मंजुऱ्या महारेराच्या (त्या कायद्याखालच्या राज्य प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेण्यास बिल्डरला मनाई आहे. आणि ज्याची चर्चा फार कमी होते अशी तरतूद कलम 18 मध्ये आहे: जमिनीच्या सदोष मालकी हक्कामुळे खरेदीदाराचे नुकसान झाले तर बिल्डरने भरपाई द्यायची आहे आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही. म्हणून नव्या प्रकल्पात बिल्डरच्या वकिलाचा दाखला हा निदान कायद्याच्या आधारावर उभा असलेला कागद आहे. इथे स्वतःच्या वकिलाचे काम मुख्यतः करारनामा वाचण्याचे असते. महारेराच्या नमुना करारनाम्यापासून मसुदा कुठे हटला आहे, ताब्याची तारीख पुढे ढकलण्याची मुभा किती सैल ठेवली आहे आणि पार्किंगचा उल्लेख नेमका कसा केला आहे, हे त्याने पाहावे. ते काम थोडक्यात होते आणि त्याची फीही त्या मानाने कमी असावी.

पुनर्विक्रीत असे कवच नसते. समोर एक व्यक्ती असते आणि पैसे घेऊन ती दुसऱ्या शहरात किंवा परदेशात निघून जाऊ शकते. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानुसार नोंदणीकृत दस्ताची माहिती खरेदीदाराला होती असेच धरले जाते. घरात तिसराच कोणी राहत असेल तर त्याच्या हक्काची माहितीही होती असे धरले जाते. 'मी पाहिले नाही' ही सबब तिथे चालत नाही. यासाठी स्वतःचा वकील इसार देण्यापूर्वी गाठावा, असे माझे ठाम मत आहे. तो इसार पावतीचा मसुदा करतो, दुय्यम निबंधक कार्यालयातला शोध घेतो आणि मराठी व इंग्रजी वृत्तपत्रांत जाहीर नोटीस देऊन साधारण चौदा दिवसांत हरकती मागवतो. ही नोटीस कायद्याने सक्तीची नाही, पण पुढे वाद झाल्यास आपण सद्भावनेने खरेदी केली हे दाखवायला तिचा उपयोग होतो. शोध अहवालही शेवटच्या ओळीपुरता वाचू नये. वर्षवार तक्त्यात 'निरंक' (काही नोंद नाही) या शब्दांच्या रांगेत एखाद्या वर्षासमोर 'पाने फाटलेली' असे लिहिलेले सापडते. त्या वर्षाचा पर्यायी पुरावा कोणता घेतला, हे आपल्या वकिलाला विचारता येते. बँकेच्या वकिलाला ते विचारण्याची सोय नसते.

विक्रेता अनिवासी भारतीय आहे का, हा प्रश्नही स्वतःचा वकीलच वेळेवर विचारतो. 50 लाख किंवा त्याहून अधिक किमतीच्या घरावर खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस कापायचा असतो, हे आता बहुतेकांना माहीत आहे. विक्रेता अनिवासी असेल तर तो 1 टक्क्याचा नियम लागूच होत नाही, कपात कितीतरी जास्त असते आणि ती चुकली तर प्राप्तिकर खाते खरेदीदाराला धरते. पुण्यामुंबईत विक्रेत्यांची मुले अमेरिकेत असणे आणि घरावर त्यांचेही नाव असणे आता नेहमीचे झाले आहे, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

मुंबईत याहून वरची पायरी म्हणजे सॉलिसिटर फर्म. सॉलिसिटर होण्यासाठी वकिलीच्या पदवीखेरीज फर्ममध्ये आर्टिकलशिप (उमेदवारी) करून बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची परीक्षा द्यावी लागते आणि ती परीक्षा अवघड म्हणून ओळखली जाते. मालकी हक्काचे जुने, गुंतागुंतीचे पदर सोडवणे ही या फर्मची खरी ताकद आहे. गिरगाव, दादर, माटुंगा अशा भागांतली जुनी इमारत, ट्रस्टची किंवा महापालिकेने भाडेपट्ट्याने दिलेली जमीन, पगडीच्या (एकरकमी पैसे देऊन भाडेहक्काने घेतलेल्या) जागेवरचा पुनर्विकास, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर होऊ न शकणारी भोगवटादार वर्ग 2 ची जमीन, असे काही असेल तर मी तिथे काटकसर करणार नाही. डोंबिवली किंवा पिंपरीतल्या दहा वर्षांच्या सोसायटीतल्या सदनिकेसाठी मात्र त्याची गरज नाही. तिथे त्याच भागातल्या निबंधक कार्यालयात रोज जाणारा अनुभवी वकील अधिक उपयोगी पडतो.

एजंटने सुचवलेल्या वकिलाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. व्यवहार पूर्ण झाला तरच एजंटला दलाली मिळते आणि त्याच्याकडून वर्षभर कामे घेणाऱ्या वकिलाला 'हे घर घेऊ नका' असे सांगणे जड जाते. दस्त नोंदवून देणाऱ्या सेवा-केंद्रांना तर मालकी हक्काशी काही देणेघेणे नसते. मुद्रांक शुल्क भरणे, वेळ घेणे आणि बोटांचे ठसे होईपर्यंत सोबत उभे राहणे एवढेच त्यांचे काम.

फीची तुलना इतर खर्चाशी करून पाहावी. पुणे शहरात 80 लाखांच्या सदनिकेवर 7 टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क 5 लाख 60 हजार आणि नोंदणी फी 30 हजार होते. 1 टक्का दलाली धरली तर तिचे 80 हजार होतात. शोध, नोटीस आणि करारनाम्याचा मसुदा या तिन्हींची वकिलाची फी सर्वसाधारणपणे या दलालीपेक्षा बरीच कमी असते, तरी घासाघीस मात्र नेमकी तिथेच होते, याचे मला वाईट वाटते.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांनी इथे घर घेताना एक फरक विशेष लक्षात घ्यावा. तिथे भूनोंदणी खाते नोंदलेल्या मालकीची हमी घेते आणि सॉलिसिटरला व्यावसायिक विमा बंधनकारक असतो. आपल्याकडे 1908 च्या कायद्याने दस्ताची नोंदणी होते, मालकीची हमी मिळत नाही. त्यात मे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली. वकिलाने चूक केली तर दिवाणी दावा किंवा, गैरवर्तन असल्यास, बार कौन्सिलकडे तक्रार, एवढेच मार्ग उरतात आणि दोन्ही ठिकाणी लेखी पुरावा लागतो. म्हणून वकील नेमतानाच तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात: आपल्या नावाने, सहीशिक्क्यासह शोध अहवाल, त्यांनी पाहिलेल्या मूळ कागदांची यादी, आणि झेरॉक्सवर विसंबून मत दिले असेल तर तसा स्पष्ट उल्लेख. विक्रेत्याचे जुने कर्ज असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. कर्ज पूर्ण फिटल्यावर ते 30 दिवसांत परत करणे 1 डिसेंबर 2023 पासून बँकांवर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास दिवसाला 5 हजार रुपये भरपाई आहे. त्या बँकेकडून मूळ कागदांची यादी आधीच मागवून ती वकिलाच्या यादीशी पानापानाने ताडून पाहावी आणि अंतिम रकमेचा धनादेश ते झाल्यावरच लिहावा.