नॉब पावणेआठवर, गवई डाव्या कानाशी : एचडी ६००चा नऊ महिन्यांचा अनुभव

सेनहायझर एचडी ६०० घेऊन आता नऊ महिने होत आले. त्याच्याविषयीचा अभिप्राय मनात केव्हाच तयार होता; पण गेल्या आठवड्यात घरच्या ॲम्प्लिफायरचे झाकण उघडून मी जो उद्योग केला, त्यानंतर हा हेडफोन मुळात ज्या कारणासाठी घेतला ते कारणच उरले नाही. त्यामुळे हे सगळे नव्याने लिहावे लागत आहे. तीनशे ओमचा, मागून उघडा, १९९७ पासून बाजारात असलेला, ही माहिती वाचणाऱ्यांना असणारच, तेव्हा तिच्यात वेळ घालवत नाही.

माझा ॲम्प्लिफायर साधा आहे. डॅककडून, म्हणजे संगणकातल्या आकड्यांचा आवाज करणाऱ्या डबीकडून, आलेले दोन व्होल्ट तो कमी गेनवर (गेन म्हणजे वाढवण्याची पट) चौपट करतो आणि जास्त गेनवर दहापट. दर्शनी भागावर ॲल्युमिनियमचा जाडजूड नॉब आहे. बंद असताना त्याची खूण घड्याळातल्या सातवर असते आणि पूर्ण उघडल्यावर पाचवर. याच्याबरोबर मी आधी दीड वर्ष सेनहायझरचाच एचडी ५६०एस हा उघडा हेडफोन वापरत होतो. माझी ऐकण्याची वेळ रात्री साडेदहानंतरची. खोलीत पत्नी झोपलेली असते आणि उघड्या हेडफोनमधून आवाज बाहेर पडतोच, त्यामुळे नॉब कधी आठच्या पलीकडे गेला नाही. बहुतेक वेळा तो पावणेआठवर असे. एवढ्या मोठ्या नॉबचा नऊदशांश प्रवास केवळ शोभेसाठी होता, आणि ही गोष्ट मला पहिल्या महिन्यापासून खुपत होती.

खरा त्रास मात्र वेगळाच होता. जुनी नाट्यपदे आणि आकाशवाणीच्या काळातली ध्वनिमुद्रणे मी पुष्कळ ऐकतो. ती मोनो असतात, म्हणजे दोन्ही कानांना तंतोतंत एकच आवाज जातो आणि गायक डोक्याच्या बरोबर मध्यभागी बसलेला वाटायला हवा. माझ्याकडे तो डाव्या कानाशी सरकून बसलेला असे. नव्या मुद्रणात दोन तंबोरे दोन बाजूंना ठेवलेले असले, तर उजवा तंबोरा शेजारच्या खोलीत वाजतो आहे असे वाटे. प्रथम मी कानातल्या मळावर संशय घेतला आणि डॉक्टरांकडेही जाऊन आलो. मग हेडफोन उलटा घालून पाहिला, तेव्हा गवई उजवीकडे गेला. म्हणजे कान निर्दोष होते. त्यानंतर डॅककडून येणाऱ्या दोन तारा मागच्या बाजूला एकमेकींच्या जागी लावून पाहिल्या. गवई जागचा हलला नाही, तेव्हा डॅकही सुटला. उरले हेडफोन आणि ॲम्प्लिफायर, आणि माझा संशय ॲम्प्लिफायरवर गेला.

ॲम्प्लिफायर वॉरंटीत होता. चारशे ऐंशी रुपये स्वतःच्या खिशातून भरून तो कुरियरने पाठवला. एकोणीस दिवसांनी 'तपासले, दोष नाही' अशी चिठ्ठी चिकटवून तो परत आला. फोनवर बराच वाद घातल्यावर कळले, की त्यांनी तो नॉब निम्म्यावर ठेवून तपासला होता. निम्म्यावर ठेवून मी ऐकले असते, तर सोसायटीने मला नोटीस पाठवली असती. 'अगदी खालच्या टोकाला थोडा फरक राहणारच,' हे त्यांचे शेवटचे वाक्य होते. त्या वेळी मला ती निव्वळ टोलवाटोलवी वाटली. पण हे वाक्य खरे होते, हे आज चडफडत का होईना मान्य करतो. चारशे ऐंशी रुपयांचे दुःख मात्र कमी झालेले नाही.

त्यानंतर मी स्वतः मोजमाप केले. संगणकावरून पन्नास हर्ट्झचा एकसुरी आवाज सोडला आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही बाजू मोजल्या. पावणेआठवर डावीकडे १४.२ आणि उजवीकडे १०.९ मिलिव्होल्ट भरले, म्हणजे सव्वादोन डेसिबलहून थोडा जास्त फरक. नॉब नऊच्या पुढे गेल्यावर तो अर्ध्या डेसिबलच्या आत आला आणि बारावर जवळजवळ नाहीसा झाला. यामागचे कारण सरळ आहे. नॉबच्या मागे एका दांड्यावर दोन पॉट, म्हणजे फिरवून कमीजास्त करता येणारे रेझिस्टर, असतात, प्रत्येक कानासाठी एक, आणि प्रत्येकात कार्बनचा पट्टा असतो. हे दोन पट्टे अगदी सुरुवातीच्या टोकाला एकमेकांशी हुबेहूब जुळत नाहीत. स्वस्त पॉटमध्ये ते जास्त चुकतात, महाग पॉटमध्ये कमी, इतकेच. आमच्या जुन्या टेपरेकॉर्डरमध्येही हा दोष असणार. पण स्पीकर समोर टेबलावर असताना तो कोणाच्या लक्षात येतो?

येथून पुढे हेडफोन निवडण्याची माझी पद्धतच बदलली. कोणाचा बास खोल आणि कोणाचे स्टेज रुंद, हे वाचणे मी सोडून दिले आणि एकच प्रश्न धरून बसलो: रात्रीच्या आवाजाला हा हेडफोन माझा नॉब कोठे नेईल? एवढे ठरवायला नुसते ओम पुरत नाहीत. एक व्होल्ट दिल्यावर हेडफोन किती डेसिबल देतो, तो आकडा लागतो. एचडी ५६०एस १२० ओमचा असल्यामुळे तो दमदार ॲम्प्लिफायर मागत असेल अशी माझी समजूत होती. पण कंपनीच्याच आकड्यानुसार तो एका व्होल्टला ११० डेसिबल देतो, म्हणजे बऱ्यापैकी संवेदनशील आहे. एचडी ६०० त्याच व्होल्टला ९७ वर थांबतो. हा तेरा डेसिबलचा फरक म्हणजे त्याच आवाजासाठी साडेचार पट व्होल्टेज. काही कंपन्या हा आकडा एका व्होल्टऐवजी एका मिलिवॅटवर देतात, तेव्हा ओम हाताशी घेऊन हिशेब करावा लागतो: ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स ३८ ओम आणि ९९ डेसिबल, म्हणजे एका व्होल्टला सुमारे ११३, माझ्या दृष्टीने आगीतून फुफाट्यात. बायरडायनॅमिकचा २५० ओमचा डीटी ९९० प्रो याच हिशेबाने १०२ वर येतो आणि किमतीलाही परवडतो; पण मित्राकडे तासभर ऐकला तेव्हा 'स' आणि 'च' ही अक्षरे माझ्या कानाला टोचली, आणि मराठी पदांत त्यांची वाण नसते. प्लॅनर, म्हणजे सपाट पडद्याच्या, हेडफोनकडे वळलो नाही, कारण तेही बहुधा कमी ओमचे असतात आणि माझ्या नॉबला त्यांचा काही उपयोग झाला नसता.

अशा रीतीने केवळ नॉब पुढे सरकावा म्हणून मी सेलमध्ये पंचवीस हजारांहून थोडे कमी देऊन एचडी ६०० घेतला. घरात खरे कारण सांगितले नाही.

पहिल्याच रात्री नॉब नऊवर आला आणि गवई मध्यभागी बसला. त्या आनंदात हेडफोनकडे लक्ष द्यायचे राहूनच गेले. पुढच्या आठवड्यात ते दिले, तेव्हा थोडी निराशा झाली. नव्या एचडी ६००ची पकड घट्ट असते. चष्म्याच्या काड्या कानामागे रुतत आणि अर्ध्या तासाने जबडा जाणवू लागे. रात्री तो पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवत गेलो, तेव्हा दोनेक महिन्यांनी पकड सैलावली. डग्ग्याची घुमारी ५६०एसमध्ये जितकी खाली जाते तितकी येथे जात नाही. ठेक्यातला 'धा' ऐकू येतो, पण पोटात जाणवत नाही. पहिला महिना माझे मत असेच होते, की नॉबसाठी मी डग्गा गमावला.

हे मत तिसऱ्या महिन्यात बदलले, आणि त्याला एक ठुमरी कारणीभूत झाली. तीच ठुमरी दोन्ही हेडफोनवर एका पाठोपाठ ऐकताना लक्षात आले, की ५६०एसवर मी आवाजाची कड ऐकत होतो आणि येथे गळा ऐकत आहे. तान संपताना घेतलेला श्वास, ओठ मिटल्याचा बारीकसा आवाज, सारंगीचा गज दिशा बदलतो तेव्हाची किंचित खरखर, हे सारे ५६०एसवरही होते. पण तेथे ते वेगळे काढून दाखवल्यासारखे वाटे, येथे ते गाण्यात मुरलेले आहे. आता माझे नव्वद टक्के ऐकणे गळ्याचेच असल्यामुळे डग्ग्याची तक्रार मी मागे घेतो. मात्र चित्रपटातल्या वाद्यवृंदाची किंवा आजकालच्या गाण्यांची ज्यांना आवड आहे, त्यांनी ती मागे घेऊ नये. एप्रिल-मेमध्ये पुण्यात मखमली गाद्या घामाने ओलसर होतात, हेही नमूद करतो. पण त्या ओढून काढता येतात, वायरही दोन्ही बाजूंनी सुटी होते आणि दोन्ही वस्तू सुट्या विकत मिळतात.

आता गेल्या आठवड्याचा उद्योग. ॲम्प्लिफायरची वॉरंटी संपली, त्याच रविवारी झाकणाचे स्क्रू काढले. हा गुंता संगणकातला आवाज बारा डेसिबलने उतरवूनही सुटला असता आणि २४ बिटांच्या डॅकवर त्याने ऐकण्यात काही बिघडलेही नसते, हे मला ठाऊक होते. पण एकदा अपडेटनंतर संगणकाने तो आवाज परस्पर पूर्ण केला आणि कान बधिर झाले, तेव्हापासून मी त्याच्या वाटेला गेलो नव्हतो. आत पाहिले, तर आवाज वाढवणारी आयसी (चिप) ५५३२ निघाली; गेन किती ते तिच्या भोवतीचे रेझिस्टर ठरवतात. प्रत्येक बाजूला तीन किलोओमचा एक रेझिस्टर आणि जमिनीकडे (ग्राउंडकडे) जाणारा एक किलोओमचा दुसरा. तीन भागिले एक अधिक एक, म्हणजे चार. जमिनीकडचा रेझिस्टर काढून टाकला, की गेन एकपट उरतो. ५५३२ एकपट गेनवर स्थिर राहते. तिच्या जागी ५५३४ असती, तर मी झाकण परत लावले असते, कारण तिपटीच्या खाली तिला बाहेरून कपॅसिटरचा आधार लागतो.

इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीतून सोल्डर शोषून घेणारी तांब्याची जाळी चाळीस रुपयांना आणली आणि तपकिरी-काळा-लाल पट्ट्यांचे ते दोन रेझिस्टर उपटले. हात थरथरल्यामुळे एका ठिकाणी सर्किटवरची तांब्याची पटरी थोडी करपली, पण तुटली नाही. जास्त गेनचा रेझिस्टर स्वतंत्र असल्यामुळे त्याचे बटण चालू राहिले. पूर्वी तेथे दहापट होते, ते आता सातपट झाले. फार हळू मुद्रित केलेली एखादी जुनी तबकडी असली, तर तेवढे पुष्कळ होते.

बारा डेसिबल उतरल्यामुळे कपाटात पडलेला ५६०एस लावून पाहिला. नॉब नऊच्या जरा अलीकडे थांबला आणि गवई मध्यभागी होता. म्हणजे जे काम मी पंचवीस हजारांत करून घेतले, ते दोन रेझिस्टर काढून चाळीस रुपयांत झाले असते, आणि त्यातलीही जाळी अजून बरीच शिल्लक आहे. एचडी ६०० लावल्यावर नॉब साडेदहावर येतो.

पत्नीने विचारले, की मग आता यातला एक विकणार का? ५६०एसची जाहिरात टाकली आहे.