बावन्न पायऱ्या चढून बघितलेली ओटी

मी ओटी सिस्टर, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स. पुण्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात छत्तीस वर्षं ट्रॉल्या लावल्या, रक्त टिपायचे मॉप मोजून सर्जनला काउंट सांगितला, त्यांच्या शिव्या खाल्ल्या आणि रिटायर झाले. गेल्या वर्षी लेकीकडे लंडनला गेले. राजवाडा झाला, नदीकाठचा तो अवाढव्य पाळणा झाला. शेवटी मी म्हटलं, आता मला माझं काहीतरी दाखवा. म्हणून जावई मला ‘ओल्ड ऑपरेटिंग थिएटर’ला घेऊन गेले.

लंडन ब्रिज स्टेशनजवळ सेंट थॉमस स्ट्रीटवर एक जुनं चर्च आहे, पूर्वीच्या सेंट थॉमस हॉस्पिटलचं. त्याच्या माळ्यावर हे म्युझियम. वर जायला अरुंद, गोल गोल जिना. “आई, बावन्न पायऱ्या आहेत, जमेल ना?” जावयांनी विचारलं. म्हटलं, अहो, जन्म उभ्याने काढलाय. तरी सवयीने मोजत मोजत चढले. गुडघ्यांची कुरकुर असेल त्यांनी मात्र दोनदा विचार करावा.

वर गेल्यावर आधी लागतो तो झाडपाल्याचा माळा. हॉस्पिटलचा औषधवाला इथे वनस्पती वाळवून ठेवायचा. तुळयांना टांगलेल्या जुड्या, बरण्या, खल-बत्ते. आमच्या आजीच्या फडताळाची आठवण आली. पण मी काही तिथे रेंगाळले नाही.

आत थिएटर. १८२२ साली बांधलेलं, बायकांसाठी. शेजारीच बायकांचा वॉर्ड होता आणि त्याआधी ऑपरेशन त्या वॉर्डातच, बाकीच्या पेशंटच्या देखत व्हायची. माळ्यावर का, तर छताला मोठी काच बसवता येते, उजेड थेट टेबलावर पडतो. म्हणजे ती काच हाच त्यांचा ओटी लाइट. मधे लाकडी टेबल, नुसतं लाकूड, आणि भोवती अर्धगोलात चढत गेलेले कठडे. विद्यार्थी तिथे दाटीवाटीने उभे राहून बघायचे. टेबलाखाली लाकडाच्या भुशाची पेटी, रक्त जिकडे ओघळेल तिकडे ती पायाने सरकवायची. खालच्या चर्चच्या छतातून रक्त ठिबकू नये म्हणून जमिनीच्या फळ्यांखालीही तीनेक इंच भुसा भरलेला. जावई इथे जरा पांढरे पडले. त्यांना कठड्याला टेकवून मी पुढे गेले.

हत्यारं काचेच्या कपाटात आहेत. करवत ओळखीची वाटली, आमच्या ऑर्थोच्या, म्हणजे हाडांच्या ऑपरेशनच्या, ट्रेमधलीच थोरली बहीण. भूल नव्हती तेव्हा हुशार सर्जन कोण, तर ज्याचा हात पटकन चालतो तो. पाय कापायचा म्हणजे मिनिटांचा हिशोब. पोट उघडण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडायचंच नाही. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टनला ईथरची भूल देऊन ऑपरेशन झालं आणि डिसेंबरात सर्जन रॉबर्ट लिस्टनने लंडनमध्ये ईथरखाली मांडीतून पाय काढला. पेशंट ओरडायचा थांबला. मग सर्जनची घाई संपली, ते जास्त वेळ लावायला लागले, जास्त खोल जायला लागले, आणि जखमा चिघळून माणसं जायचीच. कारण हात.

मला तिथे सगळ्यात जास्त वेळ उभं केलं ते हात धुवायच्या छोट्याशा भांड्याने. हात धुवायचे, पण ऑपरेशन झाल्यावर! अंगातला कोट वर्षानुवर्षं तोच, रक्ताने कडक झालेला. मला माझा ओटीतला पहिला दिवस आठवला. कोपरापर्यंत स्क्रब केलं, म्हणजे हात घासून धुतले, आणि नळ त्याच धुतलेल्या हाताने बंद केला. आमच्या सिस्टरबाईंनी काही न बोलता घड्याळाकडे बोट केलं. पुन्हा पहिल्यापासून.

सर्जन जोसेफ लिस्टरने ग्लासगोत जंतू मारायला कार्बोलिक ॲसिड वापरायला सुरुवात केली १८६५ साली. ही ओटी बंद पडली १८६२ ला. रेल्वेला जागा हवी होती म्हणून हॉस्पिटल हललं आणि माळा तसाच विसरला गेला, तो थेट १९५६ साली एका अभ्यासकाला सापडला. म्हणजे या खोलीने भूल बघितली, पण कार्बोलिकचा वास काही तिच्या नशिबी आला नाही.

ग्लव्ह्ज तर त्याच्याही नंतरचे. अमेरिकेत हॉलस्टेड नावाच्या सर्जनच्या ओटी नर्सचे हात औषधाच्या पाण्याने फुटायचे, म्हणून त्याने गुडइयर कंपनीकडून रबरी मोजे करवून घेतले. पेशंटसाठी नाही हो, नर्ससाठी! पुढे दोघांनी लग्नही केलं. आम्ही तर सुरुवातीला वापरलेले ग्लव्ह्ज धुऊन, फुंकर भरून भोक आहे का बघायचो, ठिगळ लावायचो आणि पावडर लावून परत ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या भांड्यात, टाकायचो.

बाहेर येताना जावई म्हणाले, “सर्जरी शिकावी तर इंग्रजांकडून.” त्यांना तिथेच थांबवलं. टिपूच्या लोकांनी नाक कापलेल्या कावसजी नावाच्या बैल हाकणाऱ्याला पुण्याकडे कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं, ईस्ट इंडिया कंपनीच्या डॉक्टरांनी ते डोळ्यांनी बघितलं आणि १७९४ साली लंडनच्या मासिकात ते छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या इथल्याच सर्जनने आधी मुडद्यांवर हात बसवला आणि १८१४ ला पहिलं नाक केलं. आणि आपल्याकडे ते काम करणारा कुणी डॉक्टर नव्हता, विटा-मडकी करणाऱ्यांतला एक कारागीर होता. जावई गप्प.

पाचपैकी साडेचार. अर्धा माझ्या गुडघ्यांनी खाल्ला. निवांत दीड तास ठेवा, भरपेट जेवून जाऊ नका आणि रक्त बघून चक्कर येणाऱ्याला बाहेर बसवा.

उतरतानाही पायऱ्या मोजल्या. बावन्न. काउंट करेक्ट, सर.